जठराचा लिम्फोमा मेंदूपर्यंत जातो तेव्हा



सरांची ओळख या सभागृहाला मी करून द्यायला नको. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांची गणिताची भीती त्यांनी घालवली आहे. व्याख्यानमालेच्या संयोजकांनी विषय माझ्यावर सोपवला होता. सरांच्या पत्नी, म्हणजे काकूंनी मात्र स्पष्ट सांगितलं, "यांना जे झालं होतं त्यावरच बोला. तेव्हा आम्हाला कोणीतरी नीट समजावून सांगायला हवं होतं." त्यांची परवानगी आहे म्हणून मी आज सरांच्या आजाराबद्दल उघड बोलणार आहे. जठराचा लिम्फोमा, आणि तो मज्जासंस्थेत, म्हणजे मेंदूत, मज्जारज्जूत आणि त्यांच्याभोवतीच्या पाण्यात शिरला तर काय करता येतं, हा आजचा विषय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या आजारावर औषधं आहेत आणि ती आपल्या राज्यात मिळतात. पण निम्मा उपचार घरच्या माणसांच्या आणि गावातल्या दवाखान्याच्या हातून होतो. तो नीट झाला नाही तर मुंबईतलं उत्तमात उत्तम औषधही वाया जातं. म्हणूनच हा विषय केवळ डॉक्टरांच्या परिषदेत न राहता इथे, चोपड्यात, मांडायला हवा असं मला वाटतं.

पोटाचा कॅन्सर म्हटलं की लोकांना एकच आजार डोळ्यासमोर येतो. लिम्फोमा वेगळा. तो जठराच्या अस्तराचा नाही. आपल्या रक्तातल्या, गाठींतल्या संरक्षक पेशींचा, लिम्फोसाइटचा कॅन्सर आहे. बहुतेक वेळा तो मानेतल्या, काखेतल्या गाठींत सुरू होतो. पण गाठींच्या बाहेर सुरू व्हायचा झाला तर सर्वांत जास्त वेळा जठरात होतो. यात एक नवल आहे. निरोगी जठरात या पेशींची वस्ती जवळजवळ नसतेच. ती होते हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूमुळे. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हा जंतू ओळखला, त्याबद्दल त्यांना २००५ साली नोबेल मिळालं. जंतू वर्षानुवर्षं जठरात राहतो, त्याच्याशी लढायला लिम्फोसाइट जमतात, आणि क्वचित कधी त्यांच्यातलीच एखादी पेशी बेलगाम होते. पीटर आयझॅकसन आणि डेनिस राइट यांनी १९८३ साली अशा मंद वाढणाऱ्या लिम्फोमाचं वर्णन केलं. पुढे १९९३ साली सिद्ध झालं की जंतू मारणाऱ्या साध्या गोळ्यांनी हा कॅन्सर विरघळतो. सुरुवातीच्या अवस्थेतल्या चार रुग्णांपैकी साधारण तिघांचा केवळ त्या गोळ्यांनी जातो. कॅन्सरच्या वैद्यकात इतका सोपा विजय दुसरा क्वचितच सापडेल.

सरांचा तो नव्हता. त्यांचा होता मोठ्या पेशींचा, वेगाने पसरणारा प्रकार. डॉक्टर त्याला डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा म्हणतात.

आपल्याकडे तो उशिरा सापडतो, आणि त्याचं कारण आपल्या जेवणात आणि बोलण्यात आहे. खान्देशात पोटात आग होणं हा आजार मानलाच जात नाही. शेवभाजी खाल्ली, भरीत खाल्लं, ठेचा खाल्ला, आग होणारच. माझ्यासमोर बसून कितीतरी लोक म्हणतात, "पोटमा आग पडस, दुसरं काही नही." दुकानातून सकाळी उपाशीपोटी घ्यायची ॲसिडिटीची गोळी आणतात, आठ-दहा दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. ही गोळी वाईट नाही, पण ती आजार झाकते. पन्नाशीच्या आसपासच्या माणसाला नव्याने असा त्रास सुरू झाला, वजन उतरलं, दोन घासांत पोट भरायला लागलं किंवा शी डांबरासारखी काळी व्हायला लागली, तर पुढची गोळी न घेता दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. ती जळगावला होते, धुळ्याला होते, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

दुर्बिणीतून तुकडा काढतात. इथे दोन गोष्टी मी आग्रहाने सांगेन. पहिली, तुकड्याचा ब्लॉक आणि स्लाइड पॅथॉलॉजीतून मागून घ्या आणि घरातल्या जमिनीच्या कागदांइतक्या जपून ठेवा. रिपोर्टच्या झेरॉक्सवर कुठलंही मोठं रुग्णालय लिम्फोमाचा उपचार सुरू करत नाही. पेशींवर सीडी-२० सारख्या कोणत्या खुणा आहेत हे त्यांना स्वतः त्या तुकड्यावर पाहावं लागतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. निदान होण्याआधी स्टेरॉइड देऊ नका. आपल्याकडे अशक्तपणाला, अंगदुखीला, दम्याला डेक्सामेथासोनचं इंजेक्शन सर्रास टोचलं जातं. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने काही दिवसांपुरत्या मरतात. रुग्णाला बरं वाटतं, घरचे खूश होतात, आणि नंतर काढलेल्या तुकड्यात रोगच सापडत नाही. महिन्याभराने तो परत येतो, तोवर महिना गेलेला असतो. जीव धोक्यात असेल तर स्टेरॉइड द्यावंच लागतं, तो निर्णय डॉक्टरांचा. पण शक्य असेल तिथे आधी तुकडा, मग स्टेरॉइड.

जठरातल्या रोगाचा उपचार आता ठरलेला आहे. पूर्वी जठर कापून काढत. ते बहुतेक थांबलं, कारण औषधांनी तेवढाच किंवा अधिक चांगला परिणाम मिळतो आणि माणूस जठरासकट जगतो. दर एकवीस दिवसांनी चार औषधं आणि सोबत रिटुक्सिमॅब, अशा साधारण सहा फेऱ्या. त्यातलं एक लाल रंगाचं असतं. लघवी लाल झाली की रुग्ण घाबरतो, म्हणून ते आधीच सांगून ठेवावं लागतं. दुसरं विनक्रिस्टीन. ते मिळतं सदाफुलीपासून, आपल्या अंगणात तुळशीशेजारी असते त्याच सदाफुलीपासून. एका ग्रॅमसाठी शेकडो किलो पानं लागतात, तेव्हा पानं चावून किंवा काढा पिऊन कॅन्सर जाईल अशी आशा कोणी धरू नये. विषबाधा मात्र होऊ शकते. रिटुक्सिमॅब हे लिम्फोसाइटवरच्या त्या सीडी-२० खुणेला जाऊन चिकटतं. अमेरिकेत १९९७ साली त्याला मान्यता मिळाली आणि २००७ मध्ये डॉ. रेड्डीज कंपनीने हैदराबादमध्ये त्याचं भारतीय रूप बाजारात आणलं. परदेशी औषधाच्या किमतीकडे बघून परत फिरणारी कुटुंबं त्यानंतर उपचार पूर्ण करू लागली. या औषधाआधी कावीळ-बी ची रक्ततपासणी केलीच पाहिजे. शरीरात दबून बसलेला तो विषाणू या औषधाने जागा होतो आणि लिव्हर निकामी करू शकतो.

आता मज्जासंस्थेकडे वळतो.

या प्रकारच्या लिम्फोमाच्या दर शंभर रुग्णांत साधारण पाच जणांचा रोग पुढे मेंदूपर्यंत जातो. सगळ्यांना हा धोका सारखा नसतो. वय साठच्या वर, रक्तातलं एलडीएच वाढलेलं, गाठींबाहेर एकाहून अधिक ठिकाणी रोग, आणि मूत्रपिंड किंवा त्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत रोग, हे सगळं जमलं की हे प्रमाण दहाच्या वर जातं. बहुतेक वेळा ते पहिल्या वर्षभरातच घडतं. त्यावरून असं दिसतं की काही पेशी सुरुवातीपासूनच तिथे जाऊन बसलेल्या असाव्यात. पोटातला रोग औषधांनी वितळत असतो, आणि औषध पोहोचत नाही तिथे त्या वाढत असतात. म्हणून पोट बरं झालं तरी वर्षभर डोळे उघडे ठेवायला हवेत.

सरांच्या बाबतीत काय झालं ते काकूंनी मला सांगितलं आहे. फेऱ्या संपत आल्या होत्या, जेवण जात होतं, चेहऱ्यावर रंग आला होता. पेपर वाचताना ते एक डोळा मिटून घेऊ लागले. विचारलं तर म्हणाले, नंबर बदलला असेल. चष्मा बदलला. नवा चष्माही त्यांनी एक डोळा मिटूनच वापरला. मग एके दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत त्यांनी विचारलं, दोन कॅलेंडरं कशाला लावलीत? डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी मज्जातंतूची दोरी कवटीच्या आत लांबचा प्रवास करते. भोवतालच्या पाण्यात लिम्फोमाच्या पेशी आल्या की बरेचदा आधी तीच ढिली पडते, आणि एकाच्या जागी दोन दिसू लागतं. चष्म्याच्या नंबराचा त्याच्याशी संबंध नसतो.

अशा खुणा अनेक आहेत. हनुवटी आणि खालचा ओठ बधिर होणं, जणू दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलंय. तोंड वाकडं होणं. आपण म्हणतो वारं लागलं, लकवा मारला, आणि लेप-पट्टी लावणाऱ्याकडे नेतो. पायातलं बळ जाणं, लघवी तुंबणं. सकाळी डोकेदुखी आणि उलटी. आणि सर्वांत फसवी खूण स्वभावातला बदल. शांत माणूस चिडका होतो, बोलका माणूस गप्प बसतो, घरातल्याच खोलीत वाट चुकतो. मग कोणीतरी म्हणतं बाहेरचं झालं, आणि आठवडा भगताकडे जातो. सातपुड्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या पावरा रुग्णांच्या बाबतीत तर अडचण दुहेरी; हनुवटी बधिर वाटते का, हे विचारायला त्यांची बोली येणारं माणूस सोबत असावं लागतं. लिम्फोमाचा उपचार घेतलेल्या माणसात यातलं काहीही दिसलं तर कॅन्सरच्या डॉक्टरला त्याच दिवशी फोन करायचा. बाकी सगळं नंतर.

तपासण्या दोन. मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय, आणि पाठीतलं पाणी. पाणी काढलं की माणूस पांगळा होतो, ही भीती आपल्याकडे घट्ट बसली आहे. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खालून सुई घालतात, त्यामुळे सुईने पांगळं होण्याचं कारण नाही. पांगळा करतो तो आजार, आणि तो पकडायलाच ही सुई.

औषध मेंदूत का पोहोचत नाही? पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सगळे अवयव रंगले, मेंदू कोरा राहिला. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की रक्तातलं बरंच काही पलीकडे जाऊ शकत नाही. एरवी हे आपल्या फायद्याचं. लिम्फोमात तेच आड येतं. रिटुक्सिमॅब, लाल औषध, विनक्रिस्टीन, तिन्ही जवळजवळ अलीकडेच थांबतात.

पलीकडे जाणारं मुख्य औषध मेथोट्रेक्झेट, आणि त्याचा उगम मुंबईत परळला आहे. हे मला दरवेळी सांगावंसं वाटतं, कारण त्या गोष्टीत आपल्या बायका आहेत. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा पंडुरोग होत होता. हाफकिन संस्थेत राहून तिने शोध घेतला. तिला दिसलं की त्यांच्या जेवणातच काहीतरी कमी आहे, आणि मार्माइट नावाच्या यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या बऱ्या होतात. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला घटक म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक ॲसिड, आज आपल्या आशाताई प्रत्येक गरोदर बाईला जी गोळी देतात त्यातलं. पेशींना वाढायला ते लागतं. मग भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखालच्या चमूने १९४५ साली फॉलिक ॲसिड तयार केलं, आणि त्यानंतर त्याच्यासारखीच दिसणारी पण पेशींना उपाशी मारणारी औषधंही. बॉस्टनच्या सिडनी फार्बरने त्यांतलं एक ल्युकेमियाच्या मुलांना दिलं आणि १९४८ साली जगाला सांगितलं की रक्ताचा कॅन्सर औषधाने मागे हटतो, काही काळापुरता का होईना. सुब्बाराव त्याच वर्षी गेले. मेथोट्रेक्झेट त्याच कुळातलं. गिरणगावातल्या त्या बायकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. त्यांच्या रक्ताच्या थेंबांवर हे ज्ञान उभं राहिलं. हाफकिनपासून टाटा रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

संधिवाताला हेच औषध आठवड्याला पंधरा-वीस मिलिग्रॅम देतात. मेंदूपर्यंत न्यायचं तर एका वेळी पाच-सहा ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तीनशे पट. तापीला मोठा पूर आला की पाणी बांधावरून पलीकडच्या शेतात उतरतं, तसं रक्तातलं औषध इतकं वाढवायचं की त्यातला थोडा भाग भिंतीपलीकडे जावा. एवढा डोस माणसाला मारूच शकतो. तो मारत नाही, कारण चोवीस तासांनी ल्युकोव्होरिन नावाचा उतारा सुरू होतो आणि शरीराच्या पेशींना हरवलेलं फॉलिक ॲसिड परत मिळतं.

या दिवसांत वॉर्डात काय चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. सलाईन आदल्या दिवसापासून अखंड. त्यात सोडा बायकार्ब, कारण आम्लधर्मी लघवीत हे औषध स्फटिक होऊन मूत्रपिंडात अडकतं. पलंगाखाली मापाचं भांडं. दर वेळची लघवी त्यात मोजायची, कागदाची पट्टी बुडवायची, रंग डबीवरच्या रंगाशी जुळवायचा, सात किंवा वर आकडा आला की वहीत लिहायचा. सिस्टर एकटी वीस रुग्ण बघत असते. हे काम बहुतेक वेळा मुलगा, सून, बायको करते. रात्री तीनला उठून. ल्युकोव्होरिन घड्याळाच्या काट्यावर, रक्तातलं औषध ठरावीक पातळीखाली उतरेपर्यंत. आणि इथेच ती ॲसिडिटीची गोळी पुन्हा आडवी येते. जठराच्या रुग्णाला तिची सवय असते, पिशवीत पट्टी असतेच. ती गोळी, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं आणि काही सल्फाची औषधं मेथोट्रेक्झेटला शरीरात अडकवून ठेवतात. म्हणून दाखल होण्याच्या काही दिवस आधीच डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा, पिशवीतल्या, खिशातल्या, उशीखालच्या.

काही वेळा औषध थेट पाठीतल्या पाण्यात देतात. सतत सुई नको म्हणून डोक्याच्या त्वचेखाली एक छोटी घुमटी बसवतात, तिच्यातून औषध मेंदूच्या पोकळीत जातं. फाळणीपूर्व पंजाबात जन्मलेल्या अयूब ओमाया या शल्यविशारदाने ती १९६३ साली सुचवली, आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. या मार्गाबाबत एक नियम मी इथेही बोलून दाखवतो. विनक्रिस्टीन कधीही, कोणत्याही कारणाने पाठीतल्या पाण्यात जाता कामा नये. जगात अशा चुकांनी माणसं मेली आहेत, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली खास इशारा काढला. ज्या दिवशी पाठीतलं औषध आहे त्या दिवशी विनक्रिस्टीन त्या खोलीत नसावं, आणि असलंच तर छोट्या सलाईनच्या पिशवीत, सिरिंजमध्ये नव्हे. घरच्यांनी नाव वाचून विचारलं तर कोणत्याही डॉक्टरने रागावू नये.

एवढं करून काय हाती लागतं? पंधरा-वीस वर्षांपूर्वी मी रुग्णाच्या घरच्यांना काही महिने एवढंच सांगत असे. युरोपातल्या मॅरिएटा अभ्यासात, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, असे पंच्याहत्तर रुग्ण होते. मेथोट्रेक्झेट, सायटाराबिन, थायोटेपा आणि रिटुक्सिमॅब, मग दुसऱ्या औषधांच्या फेऱ्या, आणि शेवटी स्वतःच्याच मूळपेशी परत देण्याचं प्रत्यारोपण. दोन वर्षांनी त्यांतले निम्म्याहून थोडे कमी हयात होते. प्रत्यारोपणापर्यंत जे पोहोचू शकले त्यांचं चित्र याहून कितीतरी चांगलं होतं. अर्थात अभ्यासातले सगळे रुग्ण सत्तरीपर्यंतचे होते, हे विसरता कामा नये. टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली केलं. त्या कामाची परंपरा आपल्याच राज्यात आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या सहकार्याने घडलेली कार-टी उपचारपद्धती, जिच्यात रुग्णाच्याच पेशींना रोग ओळखायला शिकवतात, तिला २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. ती महाग आहे, परदेशाच्या तुलनेत मात्र बरीच स्वस्त. मज्जासंस्थेतल्या रोगातही तिचे आशादायक अनुभव येऊ लागले आहेत.

मग रोग पसरण्याआधीच सगळ्यांना मेथोट्रेक्झेट का देत नाही, हा प्रश्न नेहमी येतो. अलीकडच्या मोठ्या पाहण्यांत अशा आगाऊ उपचाराचा फायदा फारच थोडा दिसला, त्रास मात्र खरा असतो. म्हणून ज्यांचा धोका खूप मोठा त्यांच्यापुरताच विचार होतो.

वयस्क रुग्णांचं काय? सत्तरी ओलांडलेल्या, मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाला हा डोस पेलत नाही. डोक्याला किरणांचा शेक दिला तर रोग काही काळ मागे हटतो, पण म्हाताऱ्या मेंदूची स्मृती त्यात विझते. मला वाटतं तिथे घरच्यांनी आणि डॉक्टरांनी समोरासमोर बसून बोलावं, आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला वगळून बोलू नये. वेदना थांबवणं, झोप लागणं, घरी असणं, हाही उपचारच. सरांनी मेंदूवरच्या उपचाराच्या तिसऱ्या फेरीनंतर थांबायचं ठरवलं, तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता, आणि तो घेताना त्यांना सगळं माहीत होतं.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. कोणतं औषध बसतं, कोणतं नाही, हे पहिल्या फेरीआधी आरोग्यमित्राला विचारून कागदावर घ्या. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. टाटाच्या रुग्णांनी ती कायम भरलेली असते, म्हणून आधी चौकशी करून निघा.

शेवटी एक मागणी, इथल्या डॉक्टर मित्रांकडे आणि उपजिल्हा रुग्णालयाकडे. मुंबईहून दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात रुग्ण चोपड्याला येतो. फेरीनंतर आठव्या-दहाव्या दिवशी पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत १००.४ च्या वर ताप आला, तर तो साधा ताप नसतो. आपल्याकडे काय होतं? पॅरासिटामॉल देतात, रात्र काढतात, सकाळी गाडी ठरवून जळगावला निघतात. तोवर रक्तदाब पडलेला असतो. माझी विनंती आहे की अशा रुग्णाची फाइल पहिल्या फेरीनंतरच इथे दाखवून ठेवावी, ताप आल्यावर रक्ताचा कल्चर नमुना घेऊन तासाभरात पहिलं अँटिबायोटिक शिरेतून इथेच द्यावं, आणि मगच ॲम्ब्युलन्स काढावी. त्यासाठी लागणारी औषधं महाग नाहीत, नावं मी कागदावर लिहून आणली आहेत. सभा संपल्यावर तो कागद संयोजकांकडे मिळेल. प्रत्येक दवाखान्याने एक प्रत घ्यावी आणि तापाच्या रुग्णांच्या टेबलासमोर लावावी.